बाबांच्या लिनक्स मिंटवर स्पॉटिफाय

गोव्यातील फोंडा तालुक्यातील केरी गावी, आमच्या घराच्या बाल्कांवाला, म्हणजे पुढच्या ओसरीला, लागून असलेल्या खोलीत, बाबांचा संगणक आहे. निवृत्तीनंतर त्यांना पत्रे टंकायला आणि भजनी मंडळाचे हिशेब ठेवायला म्हणून २०१६ साली मी तो घेऊन दिला होता. त्यावर विंडोज १० होते आणि त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणकातील इंटेल प्रोसेसर चौथ्या पिढीचा, आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर स्वीकारते. म्हणजे अंगाने धडधाकट असलेले हे यंत्र कागदोपत्री म्हातारे ठरले होते. ते भंगारात काढण्याऐवजी मी त्यावर लिनक्स मिंट २२ ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम बसवली, सिनॅमन या तिच्या नेहमीच्या मेनू-पॅनेलच्या साच्यासह. मिंटच्या या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. पत्रे आणि हिशेब लिब्रेऑफिसमध्ये पहिल्याच दिवशी सुरळीत उघडले, आणि त्याच संध्याकाळी बाबांनी खरी मागणी पुढे केली: माझ्या फोनवर जे गाण्यांचे ॲप आहे, ते त्यांना त्यांच्या संगणकावर, त्यांच्या मोठ्या स्पीकरवर हवे होते.

माझ्या फोनवर स्पॉटिफाय आहे. भारतात ते फेब्रुवारी २०१९ मध्ये आले आणि त्याच वर्षापासून मी ते वापरते. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरही लिनक्स असल्यामुळे हे काम अर्ध्या तासाचे आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यात दोन शनिवार गेले. त्यातला बराचसा वेळ ॲप बसवण्यात गेला नाही. बसवण्याच्या चार वाटांपैकी बाबांसाठी कोणती धरावी हे ठरवण्यात गेला.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. लिनक्ससाठीचे स्पॉटिफाय हे त्या कंपनीचे रीतसर आधार असलेले उत्पादन नाही. कंपनीतील काही अभियंत्यांना स्वतःच्या लिनक्स यंत्रांवर गाणी ऐकायची होती, म्हणून त्यांनी ते फावल्या वेळात घडवले आणि सांभाळले, असे कंपनीनेच आपल्या लिनक्सच्या पानावर मोकळेपणाने नमूद केले आहे. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीम मुक्तस्रोत असली तरी हे ॲप मुक्तस्रोत नाही; त्याची संहिता बंद आहे आणि दुसऱ्या कोणाला ते आपल्या सर्व्हरवरून वाटण्याची परवानगीही नाही. त्यामुळे मिंटच्या, किंवा मिंट ज्यावर बेतले आहे त्या उबुंटूच्या, ॲप्स उतरवून घेण्याच्या नेहमीच्या भांडारात ते सापडत नाही, आणि ते कोणत्या दाराने घरात आणायचे हा प्रश्न वापरणाऱ्यावर येऊन पडतो. यंत्र ६४ बिटांचे, इंटेल किंवा एएमडीचे असावे लागते, एवढी अट बाबांचा संगणक पुरी करत होता.

पहिली वाट म्हणजे कंपनीने उबुंटूसाठी आणि डेबियन या आणखी एका लिनक्ससाठी ठेवलेले स्वतंत्र भांडार. त्याचा पत्ता यंत्राला कळवायचा, ॲप खरेच कंपनीकडून आले आहे याची सही तपासणारी किल्ली उतरवून घ्यायची, आणि मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, एका ओळीत ॲप बसते. माझ्या लॅपटॉपवर मी हेच केले होते, आणि त्या वेळी केलेली टिपणे एका फायलीत जपून ठेवली होती. पहिल्या शनिवारी तीच फाईल उघडून मी ओळीमागून ओळ चिकटवत गेले, आणि शेवटी अपडेट मॅनेजरने सहीची सार्वजनिक किल्ली उपलब्ध नसल्याचे सांगून काम थांबवले. चूक पूर्णपणे माझी होती. भांडाराची किल्ली कायमची नसते. तिला मुदत असते, ती बदलली जाते, आणि माझ्या टिपणांतील किल्ली केव्हाच कालबाह्य झाली होती. किल्ली बसवण्याची जी पद्धत मी लिहून ठेवली होती तीही आता जुनी आणि सोडून देण्याजोगी मानली जाते. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. कंपनीच्या पानावरील ताजी सूचना वाचली असती तर तीही लागली नसती. पण त्या दहा मिनिटांत बाबा शेजारी खुर्चीवर बसून पडद्यावरील लाल अक्षरांकडे पाहत होते, आणि मला वेगळीच काळजी लागली. पुन्हा कधीतरी ही किल्ली बदलेल, तेव्हा मी दूर पर्वरीत असेन आणि ही लाल अक्षरे त्यांच्यासमोर एकट्याने उभी राहतील. संगणकातील इतर सगळी अद्यतनेही त्यामुळे अडली आहेत असे त्यांना वाटेल, आणि ते अपडेट मॅनेजर उघडणेच सोडून देतील. स्वतःच्या यंत्रावर मी ही वाट आजही वापरते. त्यांच्या यंत्रावरून ती मी त्याच संध्याकाळी काढून टाकली.

दुसरी वाट स्नॅपची, म्हणजे उबुंटूच्या कंपनीने काढलेल्या ॲपच्या पुडक्यांची. उबुंटू वापरणाऱ्यांना ती सर्वांत सोपी, कारण स्नॅप तेथे आधीपासूनच असते आणि त्याची अद्यतने आपोआप होतात. मिंटने मात्र २०२० च्या विसाव्या आवृत्तीपासून स्नॅपला दारातच अडवले आहे. उबुंटूमध्ये क्रोमियम ब्राउझर नेहमीच्या पद्धतीने बसवायला गेले की वापरणाऱ्याला न विचारता मागच्या दाराने स्नॅपची यंत्रणा बसते, आणि तिचे दुकान एकाच कंपनीच्या ताब्यात आहे, असे मिंटच्या चमूचे दोन आक्षेप होते. अडवणूक एका छोट्या फायलीने केलेली आहे आणि ती फाईल हटवली की स्नॅप बसवता येते. ज्यांना हवे त्यांनी जरूर बसवावे. परंतु ज्या घरी उतरलो आहोत त्या घरच्या रीतीविरुद्ध पहिल्याच दिवशी वागू नये, असे माझे मत आहे, विशेषतः पुढे मिंटच्या मदतीवरच अवलंबून राहायचे असेल तर.

तिसरी वाट ब्राउझरची, आणि पुष्कळांना तीच पुरेशी ठरावी. फायरफॉक्समध्ये स्पॉटिफायचे पान उघडले की पहिल्या वेळी वर एक पट्टी येते आणि संरक्षित मजकूर चालवण्याची परवानगी मागते. ती दिली की वाइडव्हाइन नावाचा घटक आपोआप उतरतो आणि गाणी सुरू होतात. ती पट्टी नजरेतून सुटली तर गाणे काही केल्या वाजत नाही आणि माणूस स्पीकरच्या वायरी तपासत बसतो. मिंटमध्ये वेब ॲप्स नावाचे एक साधन आहे, त्याने या पानाचे स्वतंत्र चिन्ह मेनूत ठेवता येते आणि ते वेगळ्या खिडकीत ॲपसारखे उघडते. बाबांच्या बाबतीत ही वाट एकाच कारणाने बंद झाली. आपल्या संगणकातील स्वतःच्या फायली ब्राउझरमधून तेथे वाजवता येत नाहीत, आणि बाबांच्या कपाटात त्यांच्या भजनी मंडळाच्या एकतीस कॅसेट होत्या, त्यांतल्या काही मी संगणकात उतरवल्या होत्या.

उरली फ्लॅटपॅकची वाट, म्हणजे वेगवेगळ्या लिनक्सवर चालणाऱ्या बंदिस्त पुडक्यांची. फ्लॅटपॅक मिंटमध्ये आधीपासून असते आणि त्याचे फ्लॅटहब हे भांडार सॉफ्टवेअर मॅनेजरलाच जोडलेले असते. म्हणून मी तेथे स्पॉटिफाय असे शोधले, आणि काहीच आले नाही. वर्तनी तपासली, पुन्हा शोधले, इंटरनेट तपासले. कारण असे की मिंटच्या बाविसाव्या आवृत्तीपासून, ज्या फ्लॅटपॅकमागे मूळ निर्मात्याची पडताळणी झालेली नाही, ती सॉफ्टवेअर मॅनेजर दाखवतच नाही. फ्लॅटहबवरील स्पॉटिफायचे वेष्टण स्वयंसेवकांनी केलेले आहे, कंपनीने नव्हे, त्यामुळे ते या चाळणीत अडकते. सॉफ्टवेअर मॅनेजरच्या मेनूतून प्राधान्यांमध्ये जाऊन पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक दाखवण्याचे बटण चालू केले की ते यादीत येते. त्या बटणाशेजारीच मिंटने हे करणे उचित नसल्याचा इशारा लिहिला आहे.

या इशाऱ्यापाशी मी थांबले, कारण तो निरर्थक नाही. अनोळखी माणसाने बांधलेले पुडके बाबांच्या यंत्रावर, जेथे त्यांची बँकेची कामेही होतात, उघडायचे का? म्हणून त्या वेष्टणाची कृती वाचून पाहिली. ती फ्लॅटहबच्या संहितेत कोणालाही वाचता येते. त्यात स्वयंसेवकांनी ॲपला स्वतः हात लावलेला नाही. वाटपाची परवानगी नसल्यामुळे ते ॲप फ्लॅटहबवर ठेवलेलेही नाही. बसवताना आपले यंत्र स्वतः जाऊन ते मूळ ठिकाणाहून उतरवून घेते, आणि हे मूळ ठिकाण म्हणजे स्नॅपचेच दुकान! उतरलेले स्नॅप उलगडून फ्लॅटपॅकच्या चौकटीत बसवले जाते. ज्या पाहुण्याला मिंटने पुढच्या दारातून हाकलले तोच मागच्या पडवीत कपडे बदलून बसला होता. मला हसू आले, पण खात्रीही पटली. शिवाय ही चौकट कुंपणासारखी असते, तिच्या आतील ॲपला घरातील सगळ्या फायली दिसत नाहीत, आणि बँकेची चिंता त्यामुळे कमीच होते. बटण चालू केले, ॲप बसवले आणि बटण पुन्हा बंद केले, म्हणजे बाबांना पुढे कधी चुकून भलतेच काही दिसायला नको. पहिल्यांदा उतरायला वेळ लागतो, कारण ॲपसोबत त्याच्या आधाराला लागणारा मोठा संचही येतो.

निर्णय पक्का झाला तो मात्र अपडेट मॅनेजरच्या एका बटणाने. त्याच्या प्राधान्यांमध्ये स्वयंचलित कामांचे एक पान आहे आणि त्यात फ्लॅटपॅक आपोआप अद्ययावत करण्याची सोय आहे. ती चालू केली की किल्ली नाही, टर्मिनल नाही, लाल अक्षरे नाहीत. पर्वरीहून केरीपर्यंत तासाभराहून अधिक प्रवास करून जे काम मला दर काही महिन्यांनी करावे लागले असते, ते यंत्र स्वतः करते. दुसऱ्याच्या, आणि त्यातही वडीलधाऱ्यांच्या, संगणकावर काही बसवताना ते आज किती चटकन बसते हा प्रश्न मी आता विचारत नाही. आपण जवळ नसताना ते कोण सांभाळणार, हे आधी पाहते.

ॲप उघडले, खाते जोडले, गाणे लावले, पट्टी पुढे सरकू लागली, आणि खोलीत शांतता. बाबा म्हणाले, "बाय, गाणे चालले आहे म्हणतेस, पण ते ऐकते कोण?" लिनक्सवर हा जुनाच खेळ आहे. पडदा एचडीएमआयच्या तारेने जोडलेला असला की यंत्र पुष्कळदा आवाजही त्याच तारेतून पाठवते, आणि बाबांच्या पडद्याला स्पीकरच नाहीत. पॅनेलवरील आवाजाच्या चिन्हातून सेटिंगमध्ये गेले, आउटपुटच्या यादीत एचडीएमआयऐवजी मागच्या हिरव्या भोकाचे साधन निवडले, आणि स्पीकर बोलू लागले. मिंट २२ मध्ये आवाजाची यंत्रणा पाइपवायरची आहे, आणि ही निवड ती लक्षात ठेवते. संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावरही ती टिकली.

शोधाच्या चौकटीत बाबांनी सर्वांत आधी केरीच्याच गायिका केसरबाई केरकरांचे नाव टंकले, आणि केरीत राहणाऱ्या माणसाने दुसरे कोणाचे टंकावे? देवनागरीत लिहिल्यावर जे हाती लागले ते फारच तोकडे होते, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांची नावे बहुतेक रोमी लिपीतच नोंदलेली असतात. रोमीत लिहायचे तर केसरबाई हा एक शब्द की दोन, सुरश्री ही पदवी आधी लावलेली की नाही, यावर निकाल बदलतात. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यावर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, आणि नासाच्या यादीतही त्यांचे नाव केसर बाई असे तोडून लिहिलेले आहे. तेथे बाबांनी नेहमीप्रमाणे नापसंतीची मान हलवली. जितेंद्र अभिषेकींसाठीही दोन-तीन वर्तन्या करून पाहाव्या लागल्या. सापडलेली नावे मी त्यांच्या एका प्लेलिस्टमध्ये गोळा करून दिली आणि प्लेलिस्टचे नाव मात्र देवनागरीत ठेवले, ते ॲपने विनातक्रार स्वीकारले.

सेटिंगमध्ये तीन बदल करावेत असे मी शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. यादी संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने मिळतेजुळते काही लावते, ते बंद करावे. भैरवीनंतर काहीही लागू नये हे त्याला कळत नाही. एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यात मिसळण्याची सोय शून्यावर ठेवावी. आवाजाची पातळी सारखी करण्याची सोय मात्र चालू ठेवावी, कारण जुन्या तबकड्यांवरून घेतलेले ध्वनिमुद्रण आणि परवाचे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ आले की दर वेळी उठून स्पीकरचे बटण फिरवावे लागते.

आता कॅसेट. गावच्या देवळातील सप्ताह, चवथीच्या रात्रीची घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावरची आरती आणि कला अकादमीच्या भजन स्पर्धेआधीच्या तालमी असे सगळे बाबांच्या मंडळाने १९८० च्या आणि १९९० च्या दशकांत साध्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवले होते. दोन वर्षांपूर्वी मी त्यातील सतरा कॅसेट ऑडॅसिटी वापरून संगणकात उतरवल्या आणि एमपीथ्रीमध्ये साठवल्या. त्या स्पॉटिफायमध्येच दिसाव्यात, म्हणजे बाबांना दोन ठिकाणी शोधायला नको, असा बेत होता. ॲपच्या सेटिंगमध्ये स्थानिक फायली दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली, फोल्डर दाखवला, यादी रिकामी. फायली डॉक्युमेंट्सच्या आत होत्या, आणि मघाशी ज्या कुंपणाचे मी कौतुक केले त्या कुंपणातून फ्लॅटपॅकमधील स्पॉटिफायला घरातील म्युझिक आणि पिक्चर्स एवढेच दोन फोल्डर दिसतात, तेही फक्त वाचण्यापुरते. मग मी हुशारी करून म्युझिकमध्ये त्या फोल्डरचा दुवा ठेवला. दुवा ॲपला दिसला, पण तो ज्या जागेकडे बोट दाखवत होता ती जागा कुंपणाबाहेरच होती, त्यामुळे यादी रिकामीच राहिली. फ्लॅटसील नावाच्या साधनाने ॲपला आणखी फोल्डरची परवानगी देता येते; पण बाबांच्या यंत्रावर कुंपण सैल करण्यापेक्षा मी फायलीच उचलून म्युझिकमध्ये नेल्या, आणि यादी भरली.

भरली, पण कशी? "ट्रॅक ०१", "ट्रॅक ०२", "अनोळखी कलाकार". गायक, साल असली माहिती ॲप फाईलच्या पोटात लिहिलेल्या रकान्यांतून घेते, आणि ती मी कधी लिहिलीच नव्हती. किडथ्री हे मुक्तस्रोत साधन सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवले आणि दुसरा शनिवार आम्ही दोघांनी या कामाला दिला. मी एकेक फाईल वाजवायची, बाबांनी पाच-सात सेकंद ऐकून सांगायचे: हा अभंग, ही पेटी माझी, पखवाजावर अमुक, साल बहुधा १९८७, कारण त्या वर्षी देवळाच्या मंडपावर पत्रे नव्हते आणि मागे पावसाचा आवाज येतो तो थेट ताडपत्रीवरचा आहे. शीर्षक, गायक, साल हे रकाने देवनागरीत भरले. युनिकोडमुळे ॲपमध्ये ते जसेच्या तसे दिसले. मंडळाचे नाव अल्बम म्हणून घातले आणि त्या एका नावाखाली सतरा कॅसेट एकत्र आल्या. ही माहिती टीपेच्या रकान्यात घालायलाही जागा असते, म्हणून ताडपत्रीचा उल्लेख मी तेथे केला.

एक हिशेब मी त्यांच्या टेबलावर कागदावर लिहून ठेवला आहे. पावसाळ्यात झावळ पडून फायबरची तार तुटली की ते फोनच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवतात. सेकंदाला १६० किलोबिटच्या दर्जाला तासाला सुमारे ७२ एमबी लागतात, ३२० ला त्याच्या दुप्पट. ३२० चा दर्जा पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो, आणि बाबांचे खाते मोफतचे असल्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. मधल्या जाहिरातींना ते "मध्यंतर" म्हणतात. स्थानिक फायलींना मात्र इंटरनेट लागतच नाही, त्यामुळे तार तुटलेल्या दिवशी मंडळ वाजते. लाईट गेली तर अर्थात काहीच वाजत नाही, कारण त्या खोलीत इन्व्हर्टरची जोडणी अजून झालेली नाही.

सिनॅमनच्या पॅनेलवरील आवाजाच्या चिन्हावर टिचकी मारली की चालू गाण्याचे नाव, चित्र आणि थांबवण्याचे बटण तेथेच दिसते, ॲपची खिडकी उघडावी लागत नाही. कीबोर्डवरील थांबवण्याची कळही चालते. बाबांनी यातले काहीही लक्षात ठेवलेले नाही. परवा मी फोन केला तेव्हा मागे पेटी ऐकू येत होती. "थांब, बंद करतो," असे म्हणून ते उठले आणि जाऊन त्यांनी स्पीकरचे बटण फिरवले. आवाज बंद झाला, गाणे तसेच पुढे चालू राहिले. मग त्यांनी विचारले की उरलेल्या चौदा कॅसेटसाठी मी कधी येणार, कारण त्यातल्या एकीची फीत आत गुंतली आहे आणि त्यांनी ती पेन्सिलने सोडवायला घेतली आहे. मी त्यांना सांगितले की तिला तूर्त हात लावू नका, मी येत्या शनिवारी येते.